सहा नंबरची घंटा वाजली नाही

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा उत्तरेश्वर बिराजदार नऊ वर्षांचा होता. औसा तालुक्यातलं त्याचं घर पडलं, माणसं वाचली. तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं की आता काहीतरी कोसळणार, असं त्याला वाटायचं. पुढे इंजिनियर होऊन तो पुण्यात आला, चंदननगरला मित्रांबरोबर खोली घेतली आणि खराडीतल्या एका कंपनीत सी प्लस प्लसचा प्रोग्रामर म्हणून लागला. पण खोलीला कुलूप लावलं की जिन्यातून परत फिरून ते ओढून बघायची सवय काही गेली नाही. मित्र हसायचे, "अरे, चोराला तुझी दया येईल!"

ते मंदीचं वर्ष होतं. आज या कंपनीने माणसं काढली, उद्या त्या, अशा बातम्या चहाच्या टपरीवर रोज यायच्या. उत्तरेश्वरची कंपनी इस्पितळांसाठी एक यंत्रणा बनवत होती. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांचे हृदयाचे ठोके सिस्टरच्या टेबलावर एकाच पडद्यावर दिसायचे, आणि कोणाचे ठोके ठरलेल्या मर्यादेखाली गेले की घंटा वाजायची. त्या मर्यादांचा भाग उत्तरेश्वरने लिहिला होता. शहरातल्या एका इस्पितळात चाचणी सुरू झाली, तेव्हा कंपनीने त्यालाच तिथे बसवलं. दोन-दोन घंटांचा गोंधळ नको म्हणून खाटांजवळच्या जुन्या यंत्रांचे आवाज बंद केले होते. उत्तरेश्वरला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण बोलायचा धीर झाला नाही.

एके दिवशी सकाळपासून चार नंबरच्या खाटेची घंटा सारखी वाजत होती. दुर्गा सिस्टर वैतागल्या.

"अहो कंपनी, तुमच्या पेटीला समजवा जरा. या आजोबांचे ठोके गोळ्यांमुळे कमीच असतात. मरायला टेकलेले नाहीत ते."

उत्तरेश्वरने त्यांना मर्यादा कशी बदलायची ते दाखवलं. सिस्टरनी चार नंबरसाठी पन्नासाचे चाळीस केले. घंटा थांबली, वॉर्ड शांत झाला. उत्तरेश्वरला मात्र त्या शांततेत चैन पडेना.

थोड्या वेळाने सोजरबाई टेबलाशी आल्या. त्यांचे मालक, लोणी काळभोरचे रंगराव, सहा नंबरच्या खाटेवर होते.

"सायेब, जरा बघता का? ह्यांना घाम फुटलाय. हाक मारली तरी बोलंना झालेत."

उत्तरेश्वरने पडद्याकडे पाहिलं. सहा नंबरसमोर त्रेचाळीसचा आकडा होता, आणि घंटा गप्प होती.

"सिस्टर! सहा नंबर!" तो ओरडला.

धावपळ झाली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, रंगरावांना तातडीने अतिदक्षता विभागात हलवलं. उत्तरेश्वरने सहा नंबरची मर्यादा उघडली. चाळीस. पाच नंबरची उघडली, तीही चाळीस. सगळ्या वॉर्डाची चाळीस झाली होती.

परत आलेल्या डॉक्टरांनी ते पाहिलं. "सिस्टर, तुम्ही सगळ्यांची मर्यादा बदललीत?"

दुर्गा सिस्टरांचा चेहरा उतरला. "नाही हो. फक्त चार नंबर."

"मग आपोआप बदलली?"

उत्तरेश्वरला आपण लिहिलेली प्रोग्रामची ओळ डोळ्यांसमोर दिसत होती. गप्प बसलं असतं तर सगळं सिस्टरांवर गेलं असतं, आणि त्याची नोकरी वाचली असती.

"सिस्टरनी एकच बदलली," तो कसाबसा म्हणाला. "चूक प्रोग्राममध्ये आहे. मी लिहिलाय तो."

बाहेर जिन्यात येऊन त्याने आपल्या टीम लीडला, नाजिमा बागवान यांना फोन लावला. त्या रास्ता पेठेत वाढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या.

"मॅडम, बारा खाटांच्या मर्यादा भरायला मी फिल फंक्शन वापरलं होतं."

"बरं, मग?"

"फिल एकच किंमत यादीतल्या सगळ्या घरांत भरतं. मी त्याला एका मर्यादेचा मेमरीतला पत्ता दिला. बाराही घरांत तोच पत्ता गेला. मर्यादा बारा नव्हत्याच, मॅडम, एकच होती. ऑफिसातल्या चाचणीत सगळीकडे पन्नास दिसले, म्हणून आपण खूश झालो."

"ती ओळ मीच तपासून पास केली होती," नाजिमा म्हणाल्या. "जनरेट हवं होतं. ते प्रत्येक घरासाठी फंक्शन नव्याने चालवतं, प्रत्येक खाटेला स्वतःची मर्यादा तयार होते."

"मॅडम, मला काढतील का?"

"काढताना मला विचारत नाहीत आणि ठेवतानाही नाही. पेशंट कसा आहे ते आधी बघ."

इस्पितळातली चाचणी थांबली. ओळ तासाभरात दुरुस्त झाली. त्यापेक्षा जास्त वेळ नाजिमांनी एका गोष्टीसाठी त्याला बसवून ठेवलं: एका खाटेची मर्यादा बदलायची आणि बाकीच्या जागच्या जागी आहेत का ते तपासायचं. ही साधी चाचणी कोणीच लिहिली नव्हती. अहवालात त्यांनी दोघांचीही नावं घातली. मग वरून काय येतंय याची वाट बघण्यात दिवस गेले. फोन वाजला की उत्तरेश्वरला वाटे, आलं बोलावणं.

बोलावणं आलं ते इस्पितळातून. चाचणी पुन्हा सुरू करायची होती, पण सिस्टरांची एक अट होती. "ज्याने खरं सांगितलं, तोच माणूस पाठवा."

कंपनीने त्यालाच पाठवलं. तो गेला तेव्हा रंगराव घरी जायला निघाले होते. सोजरबाई पिशव्या भरत होत्या. त्याला बघून रंगराव म्हणाले, "ही म्हणती, तुम्ही लई मोठ्यानं वरडला."

"आधी काकूंनी बघितलं, काका," उत्तरेश्वर म्हणाला. पुढचं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि सांगितलंही: घंटा का वाजली नाही, ती कोणामुळे. सोजरबाईंनी पिशवीची गाठ मारली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मग आता नीट करा."

दुर्गा सिस्टर पडद्यासमोर बसल्या. एकेका खाटेची मर्यादा त्या बदलत होत्या आणि उरलेल्या सगळ्या मोठ्याने वाचून घेत होत्या. उत्तरेश्वर मागे हात बांधून उभा होता. शेवटची खाट झाल्यावर त्या वळल्या.

"बसा आता. तुम्हाला चक्कर आली तर खाट रिकामी नाही माझ्याकडे."

तो बसला. पण टेकून बसायला त्याला अजून जमत नव्हतं.