नो-गोची बाजू

अंबडच्या आमच्या कंपनीत मशीनवर तयार होणाऱ्या भागाला 'जॉब' म्हणतात. ते जॉब तपासणं हे माझं काम. त्यासाठी प्लग गेज असतं, बोटाएवढी पोलादी दांडी. तिच्या एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो-गो'. जॉबच्या भोकात गो गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, जॉब लाल पेटीत.

मी तापट आहे, हे लपवत नाही. नामपूरला माहेरचे अजून म्हणतात, "बापनागतच शे ही," म्हणजे अगदी बापासारखी. मध्यंतरी कंपनीने एक प्रशिक्षण ठेवलं. मानसशास्त्र शिकलेल्या एक मॅडम आल्या, सगळ्यांकडून प्रश्नांचा कागद भरून घेतला. माझ्या कागदावर निघालं, 'आत्मसंयम कमी'. मी म्हटलं, एवढा कागद कशाला खर्च केलात, आमच्या शेजारणीला विचारायचं होतं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, स्वभाव हा नुसता कल असतो. राग येणं फारसं आपल्या हातात नाही, पण आलेल्या रागाचं काय करायचं हे शिकता येतं. आणि ऐन वेळी मन घट्ट करून भागत नाही, काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. तेव्हा मला हे सगळं पुस्तकी वाटलं होतं.

पण पुढे उत्पादनाच्या साहेबांनी टूम काढली की बाई रागात असल्या की गेज दाबून घालतात, म्हणून नो-गो आत जातं. गेज कधी दाबायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या हातावरच हा आळ होता. मी दोनदा त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि दोन्ही वेळा चर्चा माझ्या आवाजाची झाली. मला माफी मागावी लागली आणि तेवढ्यात मी अडवलेला माल पास होऊन गेला. आणखी एकदा असं झालं असतं, तर माझ्या शब्दाला तिथे कोणी विचारलं नसतं. म्हणून मी ठरवून ठेवलं, डोकं तापलं की तोंड उघडण्याआधी हात पाठीमागे बांधायचे.

एका शुक्रवारी ती वेळ आली. दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी, बाहेर टेम्पो भरायला उभा, आणि मी अख्खा लॉट अडवलेला. साहेब आले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "बाईंचा पारा चढलाय वाटतं आज. गेज जरा हळू लावा."

कान तापले. जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी गेज टेबलावर ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"माझा स्वभाव वाईटच आहे साहेब," मी म्हटलं. "म्हणून मी हातच लावत नाही. तुम्ही घाला."

त्यांनी एक जॉब उचलला, नो-गोचं टोक भोकावर धरलं आणि बोटं सैल केली. गेज आपल्याच वजनाने आत उतरलं. त्यांनी दुसरा जॉब घेतला, मग तिसरा. पाचव्यानंतर त्यांनी गेज खाली ठेवलं आणि रिजेक्शनच्या कागदावर सही केली.

मी सरळ बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. राग काडीचाही कमी झाला नव्हता. मला माझा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! शांत माणसाने शांत राहण्यात काय मोठंसं आहे?

तोंड धुऊन बाहेर आले, तेव्हा टेम्पो रिकामाच गेटबाहेर पडत होता.