तुटलेल्या पुलाचा निवाडा

कपाट आवरताना आज ह्यांची खेळाच्या नियमांची वही हाती लागली.

नवीन पनवेलला हे आणि शेजारचे जोशी कॉम्प्युटरवर नकाशा मांडून, वहीत स्वतःच लिहिलेल्या नियमांनी तीन वर्षं एकच लढाई खेळत होते. एका संध्याकाळी अडले. तुटलेल्या पुलावरून जोशींची फौज आली, तर ह्यांची राजधानी पडत होती. पण तुटलेल्या पुलावरून फौज नेता येते का, याचा नियम वहीत कुठेच नव्हता.

"वहिनी, तुम्ही सांगाल ते मान्य," जोशी मला म्हणाले.

मी चौथी शिकलेली. घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून म्हटलं, "न्या भाऊजी, फौज."

"पाहुणचार म्हणून जिंकू होय?" जोशी उठून गेले. पुन्हा खेळायला आले नाहीत. हे नुसते स्क्रीनवरच्या त्या पुलाकडे बघत बसायचे.

शेवटी मीच जोशींच्या दारात गेले. म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही, असं वाटलं होतं," ते म्हणाले.