खासगी किल्ल्यांचा तपासनीस

हेमराज कापगते आमच्याकडे भाड्यानं राहायला आला, तेव्हा मी वरच्या खोलीचं कुलूप आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं दार सताड उघडं ठेवून कडीला कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी म्हणालो, "अरे, चांगलं आहे ते." तो म्हणाला, "चांगलंच असन, भाऊ. पण दार बंद झाल्यावर समजून काय फायदा?"

मी तुमसरला एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. पडताळून घेणारा माणूस मला आवडतो, म्हणून आमचं जमलं. तो मूळचा आसगावचा. पुण्याची संगणकातली नोकरी आईच्या आजारपणात सोडून आला, आणि आई गेल्यावर परत गेला नाही. लग्न केलं नव्हतं. वर एकटाच राहायचा. दिवसचे दिवस त्याच्या खोलीतून पंख्याशिवाय कसला आवाज येत नसे.

त्याचं काम समजायला मला बराच वेळ लागला. बँकेचे व्यवहार, दवाखान्याचे कागद इंटरनेटवरून जाताना कोणी वाचू नयेत म्हणून ते आकड्यांनी कुलूपबंद करतात. उघडायची खासगी किल्ली म्हणजेही आकडेच, पानभर लांबीचे. या कुलूपबंदीची तयार साधनं काही लोकांनी एकत्र करून ठेवली आहेत, कोणीही फुकट वापरावीत. त्याला ते लायब्ररी म्हणतात. हेमराज त्यातला एकच भाग सांभाळायचा. कोणी खासगी किल्ली आत दिली की ती वापरण्याआधी तिचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे त्याचा भाग पाहायचा.

"नाई जुळले तं उघडणार नाई, एवढंच ना?" मी विचारलं.

"तेवढंच असतं तं झोपलो नसतो का, भाऊ! बिघडलेली किल्ली कधी कधी चालते. अन् चालता चालता आपलं गुपित बाहेर सांडते. मालकाले पत्ता नाई."

या लायब्ररीवर सोबत काम करणारे लोक देशोदेशीचे. एकालाही त्यानं पाहिलं नव्हतं. बोलणं सगळं लिहून. माझी बायको सुमन त्याला चिडवायची, "भाऊजी, तुमचे दोस्त खरंच आहेत का, की तुमीच दोन्हीकडून लिहून राहिले?" तो हसायचा. "वहिनी, माहं काम बरोबर झालं तं कोनी लिहीतच नाई. खराब किल्ली अडली, तं ज्याचं नुकसान वाचलं त्याले मालूमच नसते."

मग एकदा कोणीतरी लिहिलं. परदेशातल्या एका छोट्या दवाखान्याची यंत्रणा हेमराजच्या नव्या तपासणीनं बंद पाडली होती. किल्ली त्यांची, वर्षानुवर्षं चाललेली, आणि याचा भाग म्हणे ती चुकीची.

हेमराज त्या दिवशी जेवायला खाली आला नाही. मीच वर गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता.

"किल्ली बरोबर होती, भाऊ. चूक माही."

खासगी किल्लीतला आकडा काढायच्या दोन रीती आहेत. एकीनं लहान येतो, दुसरीनं मोठा, आणि कुलूप दोन्हींनी उघडतं. हेमराजनं आपल्या रीतीनं आकडा काढून समोरच्याशी ताडून पाहिला होता. जुळला नाही म्हणून किल्ली परत पाठवली. "तो चालते का, एवढंच पाहाचं होतं," तो म्हणाला. "अन् मी पाहून राहिलो होतो, माह्यासारखा आहे का."

दुरुस्ती त्यानं दोन दिवसांत केली. पण तेवढ्यानं भागलं नाही. सोबतच्यांनी तपासणी काढूनच टाकायचं ठरवत आणलं. तिच्यामुळे वेळ जातो, आणि ज्याची किल्ली त्यानं सांभाळावी, असं त्यांचं म्हणणं. हेमराज लिहीत राहिला. मला मराठीत सांगून पाहायचा, मग इंग्रजीत लिहायचा. "माही चूक झाली म्हणून पाहणंच बंद करता काहून?" हे वाक्य त्यानं कितीदा खोडलं असेल. मी म्हणालो, "जाऊ दे ना. पैसे थोडेच देतात ते तुले?" तो रागावला नाही. म्हणाला, "मंग मी करू काय दिवसभर?"



शेवटी लायब्ररीच्या लोकांनी कळवलं की तपासणी राहील, पण तक्रार आली की उत्तर द्यायला माणूस हवा. जोवर हेमराज आहे तोवर ती सगळ्यांसाठी चालू. त्या दिवशी त्यानं सुमनकडे पोह्यांची फर्माईश केली आणि दोनदा घेतले. त्यानंतर मात्र तो कुठे मुक्कामाला गेला नाही. पुतण्याच्या लग्नात आसगावला अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या बसनं परत. त्याचे भाऊ म्हणाले, "तुले काय ढोरं बांधाची आहेत का घरी?"

मागच्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. त्याचे भाऊ आले, सगळं रीतीनं झालं. त्याचा संगणक कोणाला उघडता आला नाही, आणि त्या लोकांचे पत्ते त्याच्या आतच. कळवायचं कसं? लायब्ररीचं इंटरनेटवरचं पान सर्वांना उघडं असतं. तिथे नवख्या माणसाला लिहायला जागा एकच, तक्रारीची. माझं इंग्रजी हिशेबापुरतं. मी लिहिलं की हेमराज कापगते वारले, आता त्यांच्याकडून उत्तर येणार नाही.

चार-पाच जणांनी दुःख कळवलं. एकानं विचारलं, ते कुठे राहत होते? मी तुमसर लिहिलं, जिल्हा भंडारा. दुसऱ्यानं विचारलं, त्यांचं नाव नेमकं कसं उच्चारायचं? तेही मी जमेल तसं लिहिलं. मग माझी तक्रार बंद केल्याची खूण आली.

उन्हाळ्यात मी ते पान पुन्हा उघडलं. या भागाला सांभाळणारा मिळाला नाही, म्हणून इथून पुढे जो मागेल त्याचीच किल्ली तपासली जाईल, असं लिहिलं होतं. खाली हेमराजचे आभार होते.

मी सुमनला मराठीत वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "अन् ज्याले मागाचं माहीतच नाई, त्याची कोन पाहीन?"

"कोनी नाई," मी म्हणालो.