लाइट गेली आणि आमचा अ‍ॅक्सोलॉटल

मंडळी, आमच्याकडे अ‍ॅक्सोलॉटल आहे. टाकीत राहणारा, चार पायांचा जीव. त्याला गार पाणी लागतं.

आज राजारामपुरीत सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे टाकीचा कूलर बंद. दुपारी बघते तर त्याचे पिसांसारखे कल्ले पुढं वळलेले, पाणी सव्वीस अंशांवर! घाबरून मी बर्फच ओतणार होते. तरी आधी, ज्यांच्याकडून तो आणला त्या दुकानदार यासीनभाईंना फोन लावला.

"ताई, बर्फ टाकू नगासा! एकदम गार झालं तर मरंल की. बर्फाची बंद बाटली सोडा."

शेजारच्या काकूंनी फ्रीजरमधल्या, अजून गोठलेल्या दोन बाटल्या दिल्या. संध्याकाळपर्यंत पाणी हळूहळू विसावर आलं, कल्ले सरळ झाले. मी खुर्चीत बसून चक्क रडले.

हौसेनं जीव घरी आणला, पण लाइट गेल्यावर काय करायचं, हे विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलं होतं का?