विमान उतरेपर्यंतचा केर

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. परवा आमची लेक नव्या नोकरीसाठी व्हिएन्नाहून पॅरिसला राहायला निघाली, आणि मी इकडे सोलापुरात केरसुणी दाराआड ठेवून दिली.

आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर असतात. दुपारी जेवायला घरी आले की त्यांच्या कपड्यांवरून कापसाचे तंतू घरभर होतात. त्या दिवशी ते खाली बघूनच चिडले.

"ती काय ह्या घरातनं निघालीय? हजार किलोमीटर अंतर, विमानाला दोन तास. आपल्या वेळापूरला एसटीनं जायला ह्याच्यापेक्षा जास्त येळ लागतो की!"

"तुम्ही वेळापूरला गेलात तरी मी केर काढत नाही," मी म्हटलं.

ते जेवायला बसले. जेवण झालं, चहाची वेळ झाली, तरी परत कामावर जायचं नाव काढेनात. पायानं तंतू कोपऱ्यात सारत खुर्चीत बसून राहिले.

शेवटी लेकीचा मेसेज आला, "उतरले." मला हायसं वाटलं. पदर खोचून मी केरसुणी उचलली आणि वाकणार तोच हे ओरडले, "ठेव ती खाली! विमान पोचलंय, पोरगी अजून कुटं पोचलीय? नव्या घराचं कुलूप तर उघडू दे की तिला!"