धडधाकट मांजरीची मावशी

"आजारी नाय, डाक्टर. नुस्ती बघून द्या," असं म्हणत मावशी टोपली टेबलावर ठेवायची आणि झाकणावरचा हात काही काढायची नाही.

खालापूरला जनावरांच्या दवाखान्यात मी तेव्हा डॉक्टर होतो. बैलांचे सडलेले खूर, अडलेल्या गाई, लंगडणाऱ्या म्हशी... दुपारपर्यंत खांदे भरून यायचे. आपल्याकडे जनावर दवाखान्यात येतं तेच निम्मं मेल्यावर. तुम्हीही पाहिलं असेल. धडधाकट जनावर आणणारी ही एकटीच, आणि तेही मांजर! एस.टी. स्टँडजवळच्या खानावळीत ती भाकऱ्या भाजायची.

मांजरी पिल्लू होती तेव्हा मी जंतांचं औषध दिलं. पुढे ती गाभण राहिली, तेव्हा मावशी विचारायला आली, "हिला खायला काय घालू?" मग दरवर्षी दात बघा, कान बघा. बाकावरचे शेतकरी हसायचे. एकदा मीही वैतागलो.

"मावशी, दुखणं नसताना कशाला येता?"

"आमच्या घरधन्यांना दुखनं वाढल्यावरच दवाखान्यात नेलं वो. तिथले डाक्टर बोलले, आधी का नाय आनलं?"

परत मी तसं कधी विचारलं नाही.

मांजरी म्हातारी झाली. सारखी पाणी पिऊ लागली, पाठीचे मणके हाताला लागू लागले. मूत्रपिंडं थकली होती.

"आता औषध नाही, मावशी. खाईल ते द्या. पाणी जवळ ठेवा."

तिनं मान हलवली. टोपलीचं झाकण लावत म्हणाली, "येळेवर आनलं ना मी?"

"आणलंत."

पावसाळा सरताना ती रिकाम्या हातानं आली. "गेली. चुलीपाशी, झोपंतच."

मी म्हटलं, "दवाखान्याच्या गोठ्यात मांजरीची पिल्लं झालीत. एक घेऊन जा."

"नको. आता माजंच वय झालं. मी गेल्यावर पिल्लाला हितं कोन आनील?"

"मी आहे ना."

ती हसली. "तुमी? तुमची बदली होनार, डाक्टर."

पुढच्या उन्हाळ्यात झालीच. सामान टेंपोत भरून निघालो, तेव्हा खानावळीच्या मागच्या दारी ती परात घासत बसली होती. एक भटकं पिल्लू तिच्या लुगड्याशी घुटमळत होतं. तिनं ते राखेच्या हातानं बाजूला सारलं. ते परत आलं. तिनं परत सारलं, अगदी हळू.

टेंपो वळला. पुढचं मला दिसलं नाही.