ताईंचा सडपातळ प्रोग्राम

नवा प्रोग्राम तयार झाला की तुम्ही-आम्ही तो आधी चालवून पाहतो. ऑफिसातल्या थोरल्या प्रोग्रामर, आमच्या ताई, आधी त्याच्या फाईलचं वजन पाहायच्या. मी मोठ्या उत्साहानं "ताई, चालला" म्हणून सांगावं आणि त्यांनी चष्मा नाकावर सरकवत विचारावं, "चालला तं ठीक आहे रे. भरला किती?" फाईल कालच्यापेक्षा जराशी जरी फुगली असली तरी त्यांचा चेहरा उतरायचा आणि माझी दुपार वाया जायची. स्वतः ताई चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या. एकदा धीर करून मी तसं सुचवलं, तर म्हणाल्या, "मले कुठं पेनड्राइव्हात टाकून बीरगांवच्या कारखान्यात पाठवायचं आहे?"

पुरानी बस्तीत, एका किराणा दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. कारखान्यांचे ट्रक तोलणाऱ्या धर्मकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. ऑफिसात नि काट्यांवर सगळे त्यांना दीदी म्हणत. ताई म्हणणारा मी एकटा, कारण मराठी घरचा मी एकटा. ताईंचे नि माझे, दोघांचेही वडील रेल्वेतले, दोन्ही घरं विदर्भातून येऊन इथं, हिंदी मुलखात मुरलेली. आमच्या पिढीची पोरं आईलासुद्धा हिंदीत उत्तर देतात, मीही त्यातलाच. पण ताईंपुढे ते खपत नसे. माझं मराठी जे काही सुधारलं, ते त्यांची बोलणी खाऊन.

वजनाचा त्यांचा हट्ट उगीच नव्हता. कारखान्यातला जो कॉम्प्युटर अगदीच थकला असेल, तो काट्यावरच्या खोलीत पाठवला जाई. तिथं लोखंडाची धूळ, उन्हाचा भपका आणि विजेचा लपंडाव. वीज आली की ताईंचा प्रोग्राम बटण दाबताच उभा राही. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम तोवर आळोखेपिळोखे देत असत आणि बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करत.

प्रोग्राम बनवायच्या नव्या साधनांची कौतुकं घेऊन मी त्यांच्याकडे जायचो. एका साधनानं केलेली फाईल इतकी चिमुकली निघाली की मला वाटलं, आता तरी पाठीवर थाप मिळेल. ताईंनी ती काट्यावरच्या मशीनवर टाकायला लावली. तिथं ती उघडेचना, कारण तिला लागणारं सगळं माझ्या मशीनवर होतं आणि त्या मशीनवर काहीच नव्हतं. "अरे, हे बाई सडपातळ नाही," ताई म्हणाल्या, "हिनं सामान शेजारणीकडे ठेवलं आहे." दुसऱ्या साधनानं सगळं सामान एकाच फाईलीत बांधून दिलं. ती कुठंही उघडे, पण तिचा आकार पाहून ताईंनी पाणी मागवलं. तिसरं आमच्या मालकांच्या फार मनात भरलं होतं. त्यात काम झटपट व्हायचं, स्क्रीन देखणी दिसायची, हिंदी अक्षरंही आपोआप उमटायची, पण प्रत्येक प्रोग्राम एक अख्खा ब्राउझर पोटात घेऊन हिंडायचा. "एक ट्रक तोलाले पूर्ण बारात कायले न्यायची?" असं म्हणून ताईंनी तो विषय मिटवला.

या काटकसरीपायी त्यांनी केलेली एक गोष्ट मात्र फक्त त्यांनाच सुचू शकते. काही अडलं की त्यांचा प्रोग्राम एक आकडा दाखवायचा. नुसता आकडा. इंग्रजी वाक्यं काट्यावरच्या ऑपरेटरांच्या कामाची नव्हती आणि हिंदी दाखवायचं तर त्यांच्या जुन्या साधनात वेगळा फॉन्ट नि तयार कोडचं एक जाडजूड गाठोडं सोबत न्यावं लागे. मग ताईंनी वाक्यंच काढून टाकली. ऑपरेटर फोनवर आकडा सांगे आणि ताई जेवता जेवता उपाय सांगत. फोन दिवसभर वाजायचा. एखाद्या दिवशी नाही वाजला तर तो बंद तर पडला नाही ना, हे त्या उचलून पाहायच्या. आम्हालाही यात काही वावगं वाटलं नाही.

मग ताईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. नेमक्या त्याच सकाळी बीरगांवहून मनहरणचा फोन आला. मनहरण आमचा सगळ्यांत जुना ऑपरेटर. स्क्रीनवर आकडा आला होता आणि काटा अडला होता. मी ताईंचा कोड उघडला. कुठली तरी तपासणी फसली एवढं कळलं, पुढे करायचं काय ते कुठंच नव्हतं. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. कारखान्याच्या मॅनेजरनं मनहरणला सगळ्यांदेखत नको ते सुनावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. शुद्धीवर आल्यावर ताईंनी खाटेवरूनच उपाय सांगितला, मग मॅनेजरला फोन लावला आणि चूक आपल्या प्रोग्रामची आहे, त्या माणसाची नाही, हे त्याच्या गळी उतरवलं. तेव्हा कुठं मनहरणची नोकरी वाचली.

संध्याकाळी मी भेटायला गेलो. वाटलं, पाहा माझ्यावाचून कसं अडतं, असं काहीतरी म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "माझ्याही फाईलचं सामान बाहेरच होतं रे. माझ्या डोक्यात. मी नसली तं मनहरणनं कोणाले विचारावं?" रिपोर्ट काय आहेत ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. आम्हाला ते पुढं कळलं.

कामावर परतल्यावर त्यांनी स्वतःच मालकांकडे ते बारातवालं साधन मागितलं. पन्नाशी उलटलेल्या ताई माझ्या शेजारी खुर्ची ओढून ते शिकल्या, माझ्यावर चिडत, साधनावर चिडत. प्रत्येक आकड्याच्या जागी एक वाक्य लिहायचं, मनहरणला फोनवर वाचून दाखवायचं आणि त्याला एका दमात समजलं नाही तर खोडायचं, असा त्यांचा क्रम होता. थकायच्या, टेबलावर डोकं टेकायच्या, पुन्हा लिहायच्या. फाईल किती फुगली ते सांगायला मी गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे."

त्या उन्हाळ्यात ताई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. ऑफिसात मला मराठीत रागावणारं आता कुणी नाही, आणि ही इतकी मोठी उणीव असेल असं मला वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी बीरगांवच्या काट्यावर गेलो होतो. वीज जाऊन आली. प्रोग्रामनं उघडायला भरपूर वेळ घेतला, बाहेर हॉर्न सुरू झाले. काट्यावर ट्रक चढला, पण वजन ठरेना. मग स्क्रीनवर मोठ्या हिंदी अक्षरांत उमटलं: "भैया, काँटा अभी हिल रहा है। ड्राइवर को बोलो इंजन बंद करे। घबराना मत, मैं यहीं रुकी हूँ।"

मनहरणनं खिडकीतून ड्रायव्हरला हाक दिली. मग मी शेजारी उभा आहे हे विसरून तो स्क्रीनकडे वळला आणि हलक्या आवाजात होकार देत म्हणाला, "हव दीदी."